तिसऱ्या रविवारची हरकत

वारंगा फाट्याच्या आत, वाडीवरून
एप्रिल १९७८

प्रिय भागू मावशी,

मोठ्या माणसाला 'तीर्थरूप' लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. चौथीपर्यंत तेवढं पदरात पडलं. पण तीर्थरूप लिहिलं की हात आखडतो, तुझ्याशी बोलल्यासारखं होत नाही. किशनराव गुरुजी तुला हे वाचून दाखवतील. गुरुजी, नमस्कार. माझ्या ऱ्हस्वदीर्घाकडं बघू नका, आणि अवघड वाटलं तरी मधलं काही गाळू नका.

मावशी, मी खुशाल आहे. माझं लग्न ठरलंय. ठरलंय म्हणजे ठरलं होतं, मागल्या रविवारी ते अडलं. तुझ्यावाचून अडलं म्हणलो तर तू म्हणशील, मी इथं शिरड गावात बसून काय केलं बाई. तेच सांगायला बसलोय. पण मला सरळ सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. पाणी आणायला पाठवलं तर गारुड्याचा खेळ बघत बसणारा मी.

तुझ्याकडं लहानाचा मोठा झालो, तिथून निघालो तो आधी खडी फोडली. मग नांदेडला हॉटेलात कपबश्या विसळल्या, अकोल्याला जिनिंगमध्ये कापसात नाकतोंड भरून घेतलं. जिथं बरं वाटायला लागायचं तिथूनच पाय सुटायचे. शेवटी लालसिंगच्या ट्रकवर क्लिनर झालो. लालसिंग म्हणजे एक वल्ली. ट्रकला रोज सकाळी राम राम घालायचा आणि मला शिव्या. त्याच्याच ट्रकवर मला थंडीताप भरला. वारंगा फाट्याला चहाच्या टपरीवर त्यानं मला बाकावर निजवलं, स्वतःची कांबळ घातली, पुढच्या खेपेला उचलतो म्हणाला आणि कापसाच्या गाठी पोचवायला निघून गेला. बोलल्याप्रमाणे आलाही. मीच उठलो नाही. अजून जाताना तो एक लांब हॉर्न देतो. त्याच्यावर माझा राग नाही, कांबळ अजून माझ्याकडंच आहे.

तर टपरीवाल्यानं वाडीत निरोप धाडला आणि बैलगाडी घेऊन दोघं जण आले. एक पाळकसाहेब, म्हणजे इथल्या मेथडिस्ट चर्चचे धर्मगुरू, आणि दुसरी मालनबाई. चर्च म्हणजे तू काही मोठं समजू नकोस, मातीच्या भिंती आणि कवलं. त्याच्या मागल्या खोलीत मला ठेवलं. मालनबाई विधवा आहे, तोंडात तंबाखू आणि तंबाखूपेक्षा तिखट जीभ. ती मला दोन्ही वेळा भाकरी आणून चारायची. ती भाकरी बघून मी चक्रावलो. कधी पांढरी, कधी पिवळी, कधी एकाच भाकरीत काळे ठिपके. मागून कळलं. इथं चर्चच्या बाया दळायला बसल्या की आधी एक मूठ ज्वारी गाडग्यात टाकतात आणि रविवारी ते गाडगं आणून रिकामं करतात, ज्याला नड असेल त्याच्यासाठी. कुणाची हायब्रीड, कुणाची रब्बीची, कुणाची पावसानं काळी पडलेली. मी सगळ्या वाडीची ज्वारी खात होतो, आणि वाडीतलं एकही माणूस मला ओळखत नव्हतं. मालनबाईला विचारलं, माझ्यासाठी एवढं काहून करून राहिली? तर म्हणाली, आधी गिळ, बोलायला ताकद लागती.

ताप उतरला आणि मी रविवारच्या उपासनेला नुसता बघायला गेलो. सतरंजी अंथरलेली, गडी एका बाजूला, बाया एका बाजूला. भजन झालं की ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष देतो, म्हणजे या आठवड्यात देवानं आपलं काय भलं केलं ते सांगतो. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोराचं पत्र आलं. मालनबाई उठली आणि म्हणाली, या आठवड्यात मी सुनेला एकबी शिवी दिली न्हाई. तिकडून सून खोकली. मालनबाई म्हणाली, बरं, एकच दिली. मावशी, देवाच्या घरात माणसं अशी पोटभर हसताना मी बघितली नव्हती. मी उभा राहिलो, पण तोंडातून एवढंच निघालं, माझा ताप उतरला. सगळे आमेन म्हणाले. माझ्या तापाचं एवढ्या लोकांना बरं वाटलं, याचंच मला कौतुक वाटत राहिलं.

मग ढोलक वाजवायला लागलो. पाळकसाहेबांच्या सायकलीवर ढोलक बांधून आसपासच्या वस्त्यांवर प्रार्थनेला जायला लागलो. मागल्या पावसाळ्यात विहिरीचं पाणी बिघडलं, घरोघर जुलाब लागले. चर्चच्या अंगणात चुली मांडून पाणी उकळायचं आणि घरोघर पोचवायचं, आमच्या लोकांकडं, बौद्धवाड्यात, पाटलाच्या आळीत, सगळीकडं. कावड माझ्या खांद्यावर. दिवसभर चालायचो. माझ्या पायांची ही खाज आजवर मलाच तकलीफ देत आली, पहिल्यांदा कुणाच्या कामाला पडली. पाटलाच्या आळीतली पार्वतीबाई तर दारातूनच विचारायची, आला का आमचा पाणीवाला जावई? जावई कुणाचाच नव्हतो तेव्हा.

गुरुजी, इथून हळू वाचा.

मावशी, मागल्या वर्षी ईस्टरला मी बाप्तिस्मा घेतला. कुणी घे म्हणालं नव्हतं. पाळकसाहेबांनी तर मला दोनदा परत पाठवलं, विचार कर म्हणाले. लिहायला भीती वाटली, कारण शिवरात्रीला तू मला खांद्यावर बसवून औंढ्याला नागनाथाच्या देवळात न्यायचीस, गर्दीत मी तुझे केस मुठीत धरून बसायचो. तो खांदा मी टाकून दिलेला नाही. नाव बदलायचं का, असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि कोंडीबा नाव कुणी ठेवलं तेही विचारलं. मावशीनं म्हणालो. मग राहू दे तेच, म्हणाले.

आता मुलगी. तिचं नाव रूपा, संताराम सुताराची लेक. आवाज जाडा, आणि भजनात ती सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढं असते. ढोलक माझ्याकडं, त्यामुळं तिला गाठायचं काम माझं. दोन वर्षं गाठतोय. तिनंच एकदा विचारलं, असंच मागं मागं पळणार का? मग मी संतारामला जाऊन बोललो.

आमच्यात लग्नाची पुकार तीन रविवार उपासनेत वाचतात. पाळकसाहेब नाव आणि राहणार कुठले ते वाचतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का. सगळे खाली बघतात, एखादं पोरगं रडतं, की पुढचं भजन. दोन रविवार असंच झालं. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी वाचलं, कोंडीबा, राहणार वारंगा फाटा. मी ढोलकावर हात ठेवून तयार होतो, आणि मालनबाई उठली.

"हरकत हाय," म्हणाली.

माणसं हसायला लागली. ती हसली नाही.

"फाट्यावर कुणी राहत न्हाई, पाळकसाहेब. फाट्यावरून मानूस निघून जातंय. ह्याला म्या माझ्या हातानं चारलंय, गुणाचं लेकरू हाय. पण रूपाबी माझीच हाय. ह्याच्याकडचं मानूस कुठाय? ह्याला ल्हानपणापासून बघितलेलं कुणीतरी इथं उभं राहून सांगू द्या, हे पोरगं टिकतंय का न्हाई. मग वाजवा ढोलक."

पाळकसाहेबांनी समजावलं की ही हरकत कायद्यात बसत नाही, आधीचं लग्न असेल, नात्यातलं असेल तर ती हरकत. मालनबाई म्हणाली, कायदा कागदावर ऱ्हाऊ द्या, लेक आमची घरात ऱ्हाणार हाय. संताराम म्हणाला, बाई बराबर बोलली. रूपा माझ्याकडं बघत होती. तिलाही ऐकायचं होतं, हे मला दिसलं.

मी तिथून उठून फाट्यावर गेलो. नागपूरकडचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर ओळखीचा, चल म्हणाला. पाय तयारच होते. पण सतरंजी झाडून घडी घालायची राहिली होती, आणि ती माझ्याशिवाय कुणी घालत नाही. ट्रक गेला. मी परत आलो तर मालनबाई सतरंजीचं एक टोक धरून उभी. म्हणाली, घे, दुसरं धर. दोघांनी मिळून घडी घातली. राग होता, पण घडी घालता घालता वाटलं, एवढा मुलूख फिरलो, जाताना कुणी थांब म्हणालं नाही आणि राहताना कुणी टिकशील का म्हणून विचारलं नाही. या बाईनं सगळ्यांसमोर विचारलं. विचारायला माणूस आपलं लागतं.

म्हणून हे पत्र, मावशी. निघताना तू मला म्हणाली होतीस, वाटेवरून काही कळवू नको, जीव लागून राहतो, जिथं टेकशील तिथून कळव. मी टेकलोय असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याला इथं भाव नाही, तुझ्या शब्दाला आहे. आधी तुझ्या नागनाथाला विचार, मग एसटीनं फाट्याला उतर. टपरीवर कुणालाही माझं नाव सांग. रविवारी सतरंजीवर माझ्याकडच्या माणसांची सगळी जागा रिकामी आहे, पुढं बस. माझ्याबद्दल चांगलंच बोल असं मी म्हणत नाही, जे खरं वाटेल ते बोल. तुझीही हरकत असेल तर तीसुद्धा उभं राहून सांग. लग्न मोडलं तर मोडलं, पण माझ्याकडचं माणूस उभं राहिलं, एवढं तरी होईल.

तुझाच,
कोंडीबा