तुटलेली रेघ

सोम., ८ जुलै. लातूर
ग्राफ काढायची नवी लायब्ररी, म्हणजे ॲपमध्ये जोडायचा तयार कोड, तपासायला घेतली. ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना खुली; म्हणे शास्त्रज्ञांसाठी बनवलेली. मी सांभाळते त्या कोचिंग क्लासच्या ॲपमध्ये पालकांना पोरांचे रविवारच्या टेस्टचे मार्क ग्राफवर दिसतात. जुनी लायब्ररी मोबाइलवर रांगते, ही पळते. मराठी अक्षरांची मात्र पार वाट लावते. हिची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवून... जाऊ दे.

बुध., १०
अक्षरं जमली. खऱ्या मार्कांवर चालवायची म्हणून घरचाच रोल नंबर टाकला: मुदखेडच्या माझ्या धाकट्या भावाची, बाळूची, लेक स्नेहल हिचा. इथं हॉस्टेलला, मेडिकलची तयारी. जुन्या ग्राफवर पोरगी सरळ वर चढत होती. नव्यावर रेघ मधेच तुटली. बग समजून लायब्ररीला शिव्या घातल्या. मग मूळ मार्क उघडले. मधल्या टेस्टना ती बसलीच नाही. जुनी लायब्ररी गैरहजेरीवरून खुशाल रेघ ओढत होती. बाळू तीच बघून खूश.

गुरु., ११
हॉस्टेलवर गेले. मेसचा डबा न उघडता पडलेला. पोरगी किती वाळलीय.
"आत्या, पेपर समोर आला की काहीच आठवायलं नाही, म्हणून बसतच नाही. पप्पाला नको सांगू ना."
डबा उघडून तिच्यापुढं सरकवला.

शुक्र., १२
क्लास चालवणाऱ्या सरांना दोन्ही ग्राफ दाखवले. "लायब्ररी भारी हाय. पण ह्या भेगा लई वाईट दिसायल्यात, बुजवून टाका. मायबाप घाबरले की पोरगं घरी नेत्यात."
बुजवणं सोपं, एक सेटिंग चालू केली की झालं. शिसारी आली. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर भिंतींच्या भेगांवर नुसता गिलावा मारून खोल्या भाड्यानं दिल्या लोकांनी. आई अजून त्यांना नावं ठेवते. आणि सरांनी मागवलेला चहा मी गुमान प्याले. त्याचीही शिसारी.

शनि., १३
अहवाल दिला: लायब्ररी घ्यावी, गैरहजेरी तुटकच दाखवावी. सरांनी दुसरं वाक्य खोडून परत केला. ॲप उद्या बदलायचं, मीच.

रवि., १४
भेगा बुजवायची सेटिंग बंद ठेवूनच बदललेलं ॲप पालकांसाठी चालू केलं. थोड्याच वेळात बाळूचा फोन.
"ताई, स्नेहूची रेघ तुटायलीय. ॲप बिघडलं का काय?"
हो म्हणायला तोंड उघडलं होतं.
म्हटलं, "ॲप बरं आहे. तू आत्ताच लातूरची गाडी धर."
फोन कट.
सर सारखे फोन करताहेत, घेतला नाही. स्नेहल माझा घेत नाही. चप्पल घालून हॉस्टेलवर निघालेय.