पायाचं माप

१४ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझं शिवणयंत्र आणि माझे गुडघे दोन्ही कुरकुरतात, पण चालतात. पडद्यांची कामं भरपूर आहेत. खालच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र सध्या माझ्यावर खार खाऊन आहेत. पाठीवर कापडाचं ओझं बांधून मी रोज जिने चढते-उतरते, त्याची त्यांना कटकट होते.

"या वयात हे काय खूळ?" म्हणाल्या.

"जंगलातल्या त्या दरीत जायचंय," मी म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

तर आता तुलाही कळलं. पाऊस लागायच्या आत जाऊन येणार आहे. माझ्या लेकाला ज्या ओढ्याने नेलं, तो मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. वनखात्याच्या कामावर झाडं मोजून तिथून परत आला की तो त्या दरीबद्दल बोलत सुटायचा, आणि मी म्हणायचे, "आधी हात धू, जेवायला बस." ऐकायचं राहूनच गेलं गं.

वाटाड्याला फोन केला. शेवटच्या गावापासून दोन दिवस डोंगरातून चाल आहे. मध्ये ना डॉक्टर, ना फोन. त्याने स्पष्टच सांगितलं, "आजी, एकटीला नेणार नाही. घरची दोन माणसं आणा, नाहीतर घरीच बसा."

मला आला राग. ताडकन म्हणाले, "येताहेत की! मुलगी आणि जावई."

तू माझी सून होतीस, आता कोण, हे त्याला फोनवर काय समजावणार? पण फोन ठेवल्यावर पडद्याला टीप उलट्या बाजूने घातली. सगळी उसवावी लागली.

तुझ्या या दुसऱ्या लग्नात, गर्दीत वाकून नवरदेव तुझी चप्पल शोधत होते. ते पाहून मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी माझा लेक आठवला. तुला हे कधी सांगितलं नाही.

वाटाड्या म्हणाला, नवे बूट चावतात, वापरातले घाला. माझ्या लेकाचा जुना जोड माझ्या कपाटात आहे. काल मोच्याकडून तळ शिवून आणला. "कोणासाठी?" मोच्याने विचारलं. "जावयासाठी," म्हटलं. या खेपेला रागाच्या भरात नव्हे.

जमणार नसेल तर सरळ नाही म्हण. तुमचा संसार आहे, त्यांनाही काय वाटेल कोण जाणे. मी रुसणार नाही. रुसले तरी तुला कळू देणार नाही.

पण येणार असाल, तर त्यांच्या पायाचं माप कळव. बूट सैल झाले तर पुढे कापूस भरू.

तुझी
आई