*बेरनं आणि रेवतीची ओटी

३ फेब्रु.
कोशाची नोंद सुरू. प्राचीन जर्मानिक *बेरनं : वाहणे, पोटात वागवणे. शब्दाआधी तारा, म्हणजे लिहिलेलं कुठंच सापडलेलं नाही. लेकींच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा जुळवायचा. इंग्रजी बेअर, जर्मन गेबेरेन. आपलं भरणे लांबचं चुलत. माझ्या रेवतीला सातवा महिना लागला. गेल्या खेपेला पाचव्यातच... नको.

५ फेब्रु.
जयसिंगपूरहून विहीणबाईंचा फोन. रविवारी रेवतीची ओटी, जेवायलाच या म्हणाल्या. मग अडखळल्या. ओटी सवाष्णी भरतील, मी नुसतं बसायचं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ‘बरं’ म्हटलं. राग आला, फार आला. पण बाई वाईट नाहीत. गेल्या खेपेला दवाखान्यात माझ्याआधी त्याच रडल्या.

६ फेब्रु.
नोंद पुढे. त्याच धातूतून इंग्रजी बर्थ म्हणजे जन्म, आणि जर्मन बारं म्हणजे तिरडी. वर्गात हे मजेत सांगायची. आज लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
संध्याकाळी रेवती फोनवर : “आई, तू भरणार नसशील तर मी पाटावर बसणारच नाही.” मीच समजावत बसले, सासूची वकिली केली. खरं सांगितलं नाही. माझ्या हातचं बाधेल ही भीती मलाही वाटते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

रविवार
ओटी झाली. सवाष्णींचं आटोपलं तरी रेवती पाटावरून उठेना. पदर माझ्यापुढं धरून बसली. मी हात मागे घेतला. कुणी काही म्हणायच्या आत विहीणबाई तांदळाचं ताट घेऊन माझ्याजवळ आल्या.
“भरा ताई. मागल्या खेपेला तिसऱ्यात चोरओटी मीच भरलीती की. सवाष्ण हाय मी. तरी गेलंच.”
एवढी वर्षं ही बोच त्या एकट्याच घेऊन बसल्या होत्या, रेवतीशिवाय चोरओटीचं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी भरली. तांदूळ, नारळ, खण. थोडे तांदूळ खाली सांडले. रेवती रडली, मीही.

१० फेब्रु.
नोंद पाठवलेली नाही. रेवतीचे पाय सुजलेत, रक्तदाब वर. उद्या इथं कोल्हापुरात मोठ्या डॉक्टरांकडे. विहीणबाईंचा फोन : “म्या बी येतो.” बोलणं संपलं तरी त्या फोन ठेवेनात. मीही ठेवला नाही.