दुपारी साडेचारचे सव्वीस नमुने

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
तळी व फुगवटा निरीक्षण कक्ष, निगडी.

विषय : रावेत येथील नदीच्या फुगवट्याचे तळे 'मृत' ठरविणारा निष्कर्ष मागे घेऊन पहाटे फेरनमुने घेणेबाबत.

संदर्भ : कु. मिनल ओव्हाळ यांचे नावे आलेले आपले पत्र, दि. २ डिसेंबर २०२४.

अर्जदार : बुद्धरत्न कोंडीराम ओव्हाळ, वय ५४, रा. दापोडी.

महोदय,

१. उपरोक्त पत्र जिच्या नावे आले, ती अर्जदाराची मुलगी. ती ९ सप्टेंबर २०२३ रोजी डेंगीने वारली. हे आपल्या कार्यालयास कळविणे अर्जदाराचे काम होते. ते त्याच्याने झाले नाही.

२. मयत मिनल चार वर्षे दर महिन्याच्या १ व १६ तारखेस या तळ्याचे पाणी बारीक जाळीतून गाळून त्यातले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, बाटलीतून आपल्या कक्षास देत असे. जलपर्णी माजली की पाणपिसवा घटतात, सांडपाणी वाढले की भलतेच जीव फोफावतात, थंडीत पाणी निवळले की पाणपिसवा परततात, असे ती जेवताना सांगे. अर्जदार चाकणच्या एका कंपनीत माल तपासतो. आपल्या घरात कोणी पाण्यातल्या पिसवा मोजते याचे त्याला हसू येई, आणि गल्लीत सांगताना त्याचीच छाती फुगे.

३. मुलगी गेल्यावर सातव्या दिवशी १६ तारीख आली. जाळी खुंटीला होती, तिच्या नावाच्या छापील लेबलांचा गठ्ठा कपाटात होता. अर्जदाराला घरात बसवेना. पहिली पाळी सुटल्यावर तो तडक रावेतला गेला आणि साडेचारला, रखरखीत उन्हात, त्याने नमुना घेतला. पुढे तेरा महिने त्याने एकही तारीख चुकवली नाही. तारीख पाळली की पोरगी अजून कामावर आहे असे वाटे. ते खोटे आहे हेही त्याला कळत होते.

४. त्या सव्वीस बाटल्यांत जीव नगण्य आढळले, सबब तळे मृत असून तेथे भराव टाकण्यास हरकत नाही, असे आपण कळविलेत. पत्र आले त्या दिवशी अर्जदाराने मिनलची वही पहिल्यांदा उघडली. तोवर धीरच झाला नव्हता. पहिल्याच पानावर लिहिले आहे : 'नमुना उजाडण्यापूर्वीच घेणे. ऊन चढले की सगळे तळाशी जातात.' तिने हे तोंडीही सांगितले होते. "पप्पा, यांची कायमची नाईट शिफ्ट असते, दिवसा झोपायला खाली." अर्जदार हसला होता आणि विसरून गेला होता. कंपनीत केसभर फरक पडला तरी माल परत धाडणारा हा माणूस. इथे त्याला वेळ विचारायचीही अक्कल झाली नाही.

५. तरी महोदय, तळे मेलेले नाही. अर्जदाराने ते कागदावर मारले, आणि तेही पोरीच्या नावाने. दुसऱ्याच्या नावे नमुने दिल्याबद्दल होईल ती कारवाई त्याला मान्य आहे. सोमवारपासून डंपर लागणार, असे तेथील वॉचमन सांगतो. तत्पूर्वी एका पहाटे आपला माणूस पाठवावा. अर्जदार रजा टाकून जाळी धरायला येईल. तेही नियमात बसत नसेल, तर निदान निष्कर्षाखालचे मिनलचे नाव खोडून तेथे अर्जदाराचे घालावे. तिने चार वर्षांत एकदाही 'येथे कोणी नाही' असे लिहिलेले नाही.

चूक पदरात घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र व चुकलेला,
(सही)
बुद्धरत्न कोंडीराम ओव्हाळ
दापोडी, दि. ११ डिसेंबर २०२४

सोबत :
१) मिनलचा मृत्यूचा दाखला.
२) वहीच्या पहिल्या पानाची छायाप्रत.
३) आज पहाटे साडेपाचला घेतलेली बाटली, नग एक. हिच्यात टिकवण्याचे औषध घातलेले नाही. हात धजावला नाही. उजेडाकडे धरल्यास आतले हलताना दिसतात. अर्ज सवडीने वाचलात तरी चालेल. झाकण मात्र आजच सैल करावे.