मिठाला दोनशे मतं

पवनी, ३ जुलै २०२५

चि. खुशबूस आत्याचे उदंड आशीर्वाद.

कागदावर लिहून राहिली, कारण फोन माहा असला तरी वाचतात भोजराजभाऊजी. माहे दीर अन् गावाचे पंडित!

फोनवरच्या गावच्या ‘धान मंडळी’ गटात शेजारच्या रुखमिणीनं विचारलं का धानाच्या रोपायचं पऱ्हं काहून पिवळं पडून राहिलं. भाऊजीनं मिनिटातच लिहिलं, मीठ टाका. मी बांधावर जाऊन पाह्यलं, पाणी साचलं होतं. ते काढा म्हणून दुपारी लिहिलं. मिठाले दोनशे मतं, मले दोन. त्यातलं एक माहंच.

रुखमिणीजवळ पेराले दुसरं बियाणं नाही. पुनवेआधी मीठ टाकत नसतात, असं खोटंच सांगून तिले थांबवलं. तू असे गट सांभाळतेस. लोकायले अक्कल कायले नाही?

तुह्या पत्राची वाट पाहणारी,
आत्या

नागपूर, ६ जुलै

ती. आत्यास खुशबूचा सा. नमस्कार.

लोकांना अक्कल आहे, फुरसत नाही. पहिल्या अर्ध्या तासात ज्याला मतं पडली तो वर चढतो. वर दिसतो म्हणून पुढचेही त्यालाच मत देतात. खाली कोणी उतरत नाही. भोजराजकाकांचं उत्तर खरं नव्हतं, लवकरचं होतं.

सकाळी सहाला सगळे चहासोबत फोन उघडतात. तेव्हा नव्यानं लिही अन् तुझ्या भजनी मंडळातल्या बायांना आधीच सांगून ठेव. पण जपून गं! चुकीच्या गोष्टीलाही ही युक्ती तशीच लागू पडते, अन् तुझा स्वभाव मला माहीत आहे.

राग नको, माया असू दे.
खुशबू

पवनी, १४ जुलै

चि. खुशबूस अनेक आशीर्वाद.

बारा बायांनी सहाच्या ठोक्याले मतं देल्ली. साडेसहाले पाणी वर, मीठ खाली. रुखमिणीनं बांध फोडून पाणी काढलं. पऱ्हं हिरवं होऊन राहिलं. ती रडली, मंग मीही.

तिथंच थांबाले पाह्यजे होतं. पण हात शिवशिवले. पऱ्ह्याले रोज गाणं ऐकवलं का रोप लवकर रोवाले येते, असं लिहून देल्लं. आठ वाजेपर्यंत चारशे मतं! मी घाबरली. बापाहो, मस्करी होती, असं खाली लिहिलं. त्याले तीन मतं.

काल भाऊजी बांधावर उभे राहून गळा फाडून गाऊन राहिले होते. बगळे उडाले. मी जाऊन खरं सांगितलं. त्यायनं उलट विचारलं, चारशे लोक खोटे अन् तू एकटी खरी का?

आता बारा बाया ओसरीवर बसल्या आहेत. उद्या काय लिहाचं, विचारून राहिल्या. मी अजून नाही म्हटलं नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आत्या