नैरोबीचं समन्स

नाशिक, १२ मार्च १९३४

दुपारी कोर्टाचा बेलिफ नैरोबीच्या कोर्टाचं समन्स घेऊन दारात. मुलगी रांगत होती तेव्हा आफ्रिकेला गेलेल्या माझ्या यजमानांना आता ती ताब्यात हवी आहे. दादा आतून पुटपुटला, "घेऊच नकोस. घेतलं नाही तर लागू होत नाही." म्हणजे बेलिफ ते दाराला चिकटवणार आणि सगळी आळी वाचणार. मी पुढे झाले.

बेलिफाने काही न विचारता अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. बाईमाणूस म्हणजे अंगठाच ना? मी टाक आणला.

"सही केलेली प्रत कुठे जाते?"

"पोहोच म्हणून परत नैरोबीच्या कोर्टात, बाई."

मी सही केली आणि खाली लिहिलं, 'मुलगी माझ्याजवळ आहे, माझ्याजवळच राहील.'

"अहो, इथे नुसती सही करायची असते."

"असू दे."

ती उघडी डबी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चुकलं का माझं? वकील रागावतील. रागावू देत. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर आलं नाही, फोडली तरी की नाही कोण जाणे. हे मात्र त्यांना भर कोर्टात ऐकावं लागेल.