हेस्केथचा गुडघा

मंगळवार, १७ एप्रिल १९७३
परत तोच गुडघा! हेस्केथ सरावात मटकन खाली बसला. माझ्या फुटबॉल संघाचा कप्तान, अकरा वर्षं माझ्या हाताखाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं — "वेदना मारायची सुई टोचून त्याला खेळवलंत, तर पाय कायमचा जाईल." शेवटचा सामना अकरा दिवसांवर. जिंकलो तर चार वर्षांत तिसरं विजेतेपद.
थकलोय.

बुधवार, १८ एप्रिल
संचालकांची बैठक. तीन तास नुसती खडाजंगी. दोघे एकमेकांच्या अंगावर धावले. जिंकणाऱ्या क्लबात ही तऱ्हा! आमचे अध्यक्ष बार्डस्ले मूळचे खाटीक, माणसालाही तराजूत घालूनच बघतात. "ऑर्मरॉड, कप्तान मैदानात दिसला पाहिजे. कसा, ते तुझं तू बघ."
घरी आलो तर एनिडनं ताट झाकून ठेवलेलं. "चेहरा बघितलास का आरशात?" एवढंच म्हणाली. जेवलो नाही.

रविवार, २२ एप्रिल
ईस्टर. दिवसभर पाऊस. दिवसभर झोपलो.

शुक्रवार, २७ एप्रिल
हेस्केथला ऑफिसात बोलावलं. सुईचा विषय काढला.
"नंतर काही होणार नाही ना, बॉस?"
"छे! काय होतंय?" मी म्हणालो. चहा ढवळत. साखर घातलीच नव्हती.

शनिवार, २८ एप्रिल
जिंकलो!! एक-शून्य. गोल त्याचाच, डोक्यानं. सगळं गाव मैदानात घुसलं. तो लंगडत आला, गळ्यात पडला. "बघा बॉस, उभा आहे की नाही!" मला हसता आलं नाही. लोकांना वाटलं, भरून आलंय.

सोमवार, २१ मे
हेस्केथची शस्त्रक्रिया झाली. यापुढे काठी. वय एकोणतीस.
संध्याकाळी बार्डस्लेंनी पाच वर्षांचा नवा करार पुढे सरकवला. वर सिगार. "पुढच्या वर्षी युरोपचा चषक, काय?" सही केली नाही. म्हणजे — चष्मा विसरलो म्हणालो. भित्रा कुठला!

गुरुवार, २४ मे
एनिडला सगळं सांगितलं. म्हणाली, "मला कशाला सांगतोस? त्याला सांग."

शुक्रवार, २५ मे
सांगितलं. त्याची बायको किटली घेऊन आत निघून गेली. त्यानं काठी भिंतीला टेकवली.
"डॉक्टर मलाही बोलले होते, बॉस. त्याच दिवशी. मी खेळणारच होतो. तुम्ही सांगता का, तेवढंच बघायचं होतं."